गुणवंतीचा बर्फ

कफ परेडच्या मच्छीमार नगरात होडी कुणाची मोठी यावरून भांडण होईल, घर कुणाचं उंच यावरून कोर्टकचेरीही होईल. पण बर्फ कुणाचा चांगला, यावर दुमत नाही. बर्फ गुणवंतीचा. पहाटे भरलेला तिचा खोका दुपारी उघडावा, तर पापलेट आत्ताच पाण्याबाहेर काढल्यासारखं. कुलाब्याच्या बाजारात शेजारच्या बायकांची मासळी अकराच्या उन्हात मलूल होते आणि ही बया साडेबारापर्यंत भाव उतरवत नाही. गिऱ्हाइकानं "ताजं आहे ना?" विचारलं तर उत्तरही देत नाही, नुसती बघते. बहुतेक गिऱ्हाइकं तेवढ्यावर गप्प होतात.

ही विद्या सासूची. बर्फाची लादी फार बारीक फोडायची नाही, तळाला एक थर, मध्ये एक थर, आणि सगळ्यात शेवटी मूठभर जाडं मीठ. मीठ पडलं की बर्फ कडक होतो, हाताला चावतो. ही मूठ किती आणि कधी टाकायची हे सासूनं स्वतःच्या मुलीलासुद्धा सांगितलं नव्हतं, सुनेला सांगितलं. गुणवंतीला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

बाजारात अशी वाघीण असलेली ही बाई आतून मात्र भलती भित्री. नवरा रघू होडीवर गेला की तो परत येईपर्यंत तिच्या घशाखाली घास नीट उतरायचा नाही. पण ती भीती तिच्या ओळखीची होती. आईला होती, सासूला होती, नगरातल्या प्रत्येक बाईला होती. सहा वर्षांपूर्वी दुसरीच भीती घरात आली आणि ती कुणाकडून शिकून घ्यायचीही सोय नव्हती. एकुलती एक मुलगी भाविका, तेव्हा अकरा वर्षांची, शाळेत चक्कर येऊन पडली. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं, हिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही. रोज दोनदा सुई, जन्मभर. नाही घेतली तर? गुणवंतीनं विचारलं होतं. डॉक्टरनं उत्तर दिलं आणि ते तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही, रघूलाही नाही.

तेव्हापासून घरातला सगळा पैसा एका पेनात जायचा. दिसायला लिहायच्या पेनासारखं, त्यात औषधाची नळी बसवायची आणि टोचायचं. नळी संपली की नवी नळी. त्या नळीची किंमत दर वर्षी चढायची, पापलेटाची काही तशी चढायची नाही. गेल्या वर्षी दिवाळीनंतर गुणवंतीच्या लक्षात आलं की नळी जास्त दिवस पुरते आहे. ती हरखली. पोरीचा आजार उतरतोय असं समजून तिनं एकवीरेला नारळ बोलला. दोन महिने ती त्या आनंदात होती. मग एका सकाळी भाविका सुई टोचताना ती मागे उभी होती आणि पेनावरचा आकडा तिला दिसला. बाराऐवजी आठ.

"कवापासून?" गुणवंतीनं विचारलं.

"दिवाळीपासून," भाविका म्हणाली. "बाबा नव्या जाळ्याचं बोलत होते ना. म्हटलं, थोडं थोडं वाचवू."

गुणवंतीनं तिच्या एक ठेवून दिली, आणि मग तिलाच धरून रडली. पोर तिच्या डोळ्यांसमोर औषध चोरत होती, स्वतःच्याच अंगातून, आणि आई देवाला नारळ बोलत होती. त्याच दिवशी बाजार बुडवून ती मुलीला घेऊन परळला गेली.

तिथल्या डॉक्टर अनुजा तरुण होत्या, पण बोलायला सरळ. त्यांनी भाविकाला रागावलं नाही. म्हणाल्या, "पेनच हवं असं काही नाही. दुसऱ्या कंपनीचं इन्सुलिन बाटलीत मिळतं. सिरिंजमध्ये भरून घ्यावं लागेल, जरा कटकट आहे. पण तिसऱ्या हिश्शाच्या किमतीत येतं आणि काम चोख करतं. महागडं औषध अर्धं घेण्यापेक्षा हे पूर्ण घ्या." आणि त्यांनी नव्या औषधाची चिठ्ठी लिहून दिली.

गुणवंतीला स्वस्त म्हटलं की भीती वाटायची, मासळीवाल्या बाईला वाटणारच. तरी ती चिठ्ठी घेऊन प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊक औषधबाजारात गेली. तिथल्या एका दुकानातला धनेश नावाचा माणूस म्हणाला, "मावशी, एक बाटली नेलीत तर हा भाव. अख्खा खोका नेलात तर आणखी उतरेल. पण प्रत्येकाच्या डॉक्टरची चिठ्ठी लागेल." भाव उतरवायचा म्हटल्यावर गुणवंतीचं डोकं चालू झालं. नगरात साखरेची सुई घेणारी पाच घरं तिला तोंडपाठ होती. आठवड्याभरात तिनं चार घरांच्या डॉक्टरांकडून चिठ्ठ्या जमवल्या. पाचवा रामदास, जाळी विणणारा, म्हणाला, "वहिनी, मासली स्वस्तात घेतली तर पोट बिघडंल. औषध स्वस्तात घेतलं तर काय होईल?" आणि तो बाजूला राहिला.

सगळ्यांत आधी चिठ्ठी दिली गंगुबाईनं. ही त्र्याहत्तर वर्षांची एकटी म्हातारी, दोन घरं सोडून राहते. एका डोळ्यानं दिसत नाही, दुसऱ्यानं कामापुरतं. ती म्हणाली, "तुझ्या हातनं येनार ना? मंग मना काय विचारू नको."

पहिला खोका उत्तम निघाला. बाटल्या गुणवंतीच्या फ्रिजात, ज्याची संपेल त्यानं येऊन न्यावी. भाविकाची साखर दोन वर्षांत नव्हती इतकी ताब्यात आली. गालांवर रंग आला. पोर अकरावीच्या परीक्षेला बसायची तयारी करू लागली. फेब्रुवारी संपताना दुसऱ्या खोक्याची वेळ झाली, तेव्हा रामदास आपली चिठ्ठी घेऊन आला आणि ठेवून गेला. त्या दिवशी गुणवंती जरा ताठ चालली.

आणि दुसरा खोका आणला त्याच आठवड्यात तिचा फ्रिज बसला. दुरुस्तीवाला म्हणाला, कॉम्प्रेसर गेलाय, होळीनंतर बघू. शेजारचे फ्रिज होते, पण कुणाच्या फ्रिजचं दार दिवसातून शंभरदा उघडतं, कुणाकडे वीज टिकत नाही. धनेशनं खोका देताना बजावलं होतं, "फ्रिजमध्ये ठेवा, खालच्या कप्प्यात, बर्फाजवळ नको." गुणवंतीनं मान हलवली होती. थंड ठेवायचं, एवढंच तिनं मनाशी धरलं. बाकीचं दुकानदारी बोलणं असतं असं तिला वाटलं. थंडाव्यातलं तिला कुणी शिकवावं?

तिनं थर्माकोलचा नवा, मासळीचा वास नसलेला खोका आणला. तळाला बर्फ, त्यावर प्लास्टिक, त्यावर बाटल्या, वर पुन्हा बर्फ. रोज पहाटे बाजारात जायच्या आधी जुनं पाणी काढून नवा बर्फ भरायचा. आणि पाच घरांचा जीव त्यात आहे म्हणून, मासळीला एक मूठ घालायची तिथे तिनं दोन मुठी मीठ घातलं.

दहाव्या दिवशी भाविका पाणी प्यायला उठली ती उठतच राहिली. तांब्यामागून तांब्या. बोटाला सुई टोचून यंत्रात बघितलं तर साखर तिप्पट. "काल शेजारच्या भाभीकडे शिरा खाल्ला होतास?" गुणवंतीनं विचारलं. नव्हता खाल्ला. डोस पूर्ण घेतला होता? घेतला होता, गुणवंती स्वतः समोर उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी आणखी वर. त्याच दिवशी संध्याकाळी गंगुबाई दारात टेकली आणि म्हणाली, "गुणवंते, औषध पकडत नाय गो. मी सुईच्या दोन रेघा जास्त भरून घेते आता." मंगळवारी म्हणाली, चार रेघा. गुणवंतीनं ऐकलं, पण तिचं सगळं लक्ष आत झोपलेल्या मुलीकडे होतं.

मग रामदास आला. त्याचे पाय जळजळत होते आणि तोंड त्याहून. "बोललो होतो की नाय? पहिला खोका खरा, दुसरा खोटा. वरच्या थराला ताजी मासली आनि खाली शिळी, हा धंदा आपल्याला कोन शिकवनार?" त्याचं म्हणणं गुणवंतीला पटलं, कारण बाजारात तिनं हेच पंचवीस वर्षं बघितलं होतं. आपण पाच घरांत विष वाटलं, असं तिच्या मनानं घेतलं. रघू समुद्रावर, फोन लागत नव्हता, होळीला येणार होता आणि होळी तीन दिवसांवर होती. ती खोका उघडून बाटल्या बघत बसायची. एकीच्या काचेला आतून पांढरे कण चिकटले होते.

"हे असं पहिल्यापासून हाय?" तिनं भाविकाला विचारलं.

"आठ-दहा दिवस झाले," भाविका डोळे मिटूनच म्हणाली. "मला वाटलं, स्वस्तातलं आहे, असंच असेल."

गुरुवारी सकाळी पोरीला उलट्या सुरू झाल्या. श्वास जोरजोरात, धावून आल्यासारखा, आणि श्वासाला पिकून गेलेल्या केळ्याचा वास. यंत्रावर आकडाच येईना. साखर मोजण्याच्या पलीकडे गेली की ते यंत्र आकडा दाखवायचं थांबवतं, हे गुणवंतीला ठाऊक होतं. आजवर ते फक्त ऐकलं होतं. शेजाऱ्यांनी टॅक्सी थांबवली. जवळ हॉस्पिटल नव्हतं असं नाही, पण तिची फाइल परळला, डॉक्टर परळला. गुणवंतीच्या तोंडून परळच निघालं. निघताना तिनं एक बाटली डब्यात घातली, डॉक्टरला दाखवायला. डब्यात बर्फ घातला. बर्फावर सवयीनं मीठही टाकलं.

भायखळ्यापर्यंत भाविका "आई, पाणी" म्हणत होती. लालबागच्या पुलावर ती बोलायची थांबली. गुणवंती तिचे गाल थोपटत राहिली, नाव घेत राहिली, टॅक्सीवाल्याला शिव्या देत राहिली. तो बिचारा नुसता हॉर्न वाजवत होता. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरनं दिलेलं उत्तर तिच्या कानात शब्द न् शब्द परत येत होतं, आणि पुढे रस्ता काही संपत नव्हता.

वॉर्डात त्यांनी मुलीला तिच्या हातातून घेतलं, सलाईन लावलं, पडदा ओढला. अर्ध्या तासानं डॉक्टर अनुजा बाहेर आल्या. "अजून काही सांगता येत नाही. पुढचे काही तास महत्त्वाचे आहेत. औषध बंद केलं होतं का?"

"नाय हो. औषधच खोटं निघालं." गुणवंतीनं डबा उघडून बाटली पुढे केली. डॉक्टरांनी ती हातात घेतली आणि चटकन दुसऱ्या हातात बदलली, इतकी ती गार होती. मग उजेडाकडे धरली. काचेला चिकटलेले कण बघितले. मग डब्यात बघितलं.

"हे कशात ठेवत होतात तुम्ही?"

"बर्फात. रोज नवा बर्फ. वरून मीठ, कडक राहायला." आणि सांगताना, त्या घटकेलाही, तिच्या आवाजात जरासा तोरा होता.

 डॉक्टर बाकावर तिच्या शेजारी बसल्या. "मावशी, इन्सुलिन थंड लागतं, पण ते गोठलं की मरतं. पुन्हा वितळलं तरी उपयोग नाही. मीठ घातलेला बर्फ साध्या बर्फापेक्षा गार असतो. औषध खोटं नव्हतं. ते गोठलं." त्या हळू बोलत होत्या. गुणवंतीला ते ओरडण्यापेक्षा भयंकर वाटलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. रामदास. "वहिनी, पोर कशी हाय? आमी धा जन उद्या त्या दुकानावर चाललोय. काचा फोडतो साल्याच्या. बाटल्या समद्या खाडीत टाकनार."

गुणवंती फोन कानाला लावून गप्प बसली. गप्प राहणं फार सोपं होतं. धनेशच्या काचा फुटतील, बाटल्या बुडतील, पाचही घरं परत महागड्या पेनावर जातील. कुणी आठ घेईल, कुणी सहा, आणि गुणवंतीच्या बर्फावर कुणी बोट ठेवणार नाही. रघूला कळणार नाही. भाविका, जर उठली, तर तिलाही नाही. हे सगळं तिच्या मनात आलं आणि ते आलं याचीच तिला किळस आली. आणि मग दोन घरं पलीकडची म्हातारी आठवली, जी त्या घटकेलाही तेच मेलेलं औषध टोचत असेल.

"औषध खोटं नाय, रामदासभावोजी," ती म्हणाली. "माझा बर्फ खोटा. मीठ घालून मीच मारलं त्याला. दुकानावर जाऊ नका. तुमी धावत जा आनि नाक्यावरच्या दुकानातनं गंगुबाईला नवी बाटली आनून द्या. जितक्याला मिलंल तितक्याला. आनि बाकीच्या घरांनाबी सांगा, माझ्याकडची बाटली कुनी टोचू नका. आत्ता."

पलीकडे मागे पोरं खेळत असल्याचा आवाज येत होता. मग रामदास म्हणाला, "बरं," आणि फोन ठेवला.

गुणवंती पडद्याच्या फटीतून बघत राहिली. नर्सनं एक बाटली घेतली, सिरिंज भरली, डोळ्यांसमोर धरली, रेघ बघितली, टिचकी मारली, पुन्हा रेघ बघितली. एवढ्याशा रेघेकडे ती इतकं निरखून का बघते आहे, असं गुणवंतीच्या मनात आलं, आणि दुसऱ्याच क्षणी तिला आठवलं. गंगुबाई. आधी दोन रेघा, मग चार. आज गुरुवार. आज किती? मेलेलं औषध ती कितीही टोचू दे, काही होत नव्हतं. पण रामदास आता तिच्या हातात जिवंत औषध देणार होता. आणि द्यायला गुणवंतीनंच सांगितलं होतं.

तिनं फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. गंगुबाईकडे फोन नव्हता. रामदासच्या बायकोला लावला, ती बाजारात. वॉर्डातल्या सगळ्या बायका बघायला लागल्या, कारण गुणवंती मोठमोठ्यानं "उचल रे, उचल" म्हणत फेऱ्या मारत होती. पाचव्यांदा रामदासनं उचलला.

"दिली का बाटली?"

"दिली की. काय भाव लावला मायला त्यानं! बसलीय टोचायला."

"सुई किती भरलीय?"

"थांबा, बघतो." मग तो म्हणाला, "पुरी भरलीय."

"काढून घ्या तिच्या हातातनं," गुणवंती किंचाळली. "हिसकावून घ्या!"

फोन खाली पडल्याचा आवाज आला. भांडं पडलं. गंगुबाईची शिवी ऐकू आली, आणि त्या शिवीइतकं गोड गुणवंतीनं आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. "घेतली, घेतली," रामदास धापा टाकत म्हणाला. "टोचली नव्हती अजून." गुणवंती होती तिथेच जमिनीवर बसली. मग डॉक्टर अनुजांनी फोन घेतला आणि म्हातारीला किती रेघा द्यायच्या ते रामदासला सांगितलं, तीनदा म्हणवून घेतलं.

भाविकानं संध्याकाळी साडेपाचला डोळे उघडले आणि पाणी मागितलं. चौथ्या दिवशी तिला घरी सोडलं. होळी तोवर होऊन गेली होती, रघू आला होता. गुणवंतीनं त्याला दारातच सगळं सांगितलं, काही मागे न ठेवता. तो मीठ ठेवायच्या डब्याकडे बघत राहिला, आणि मग काही न बोलता मुलीचं अंथरूण घालायला आत गेला. त्याचं न बोलणं तिला अजून पुरतं आहे. पाच घरांसमोर तिनं तेच पुन्हा सांगितलं. कुणी दोन शब्द बोललं, कुणी मान फिरवली. शेवटी रामदास म्हणाला, "नवा खोका माज्या फ्रिजात ठेवा. खालच्या कप्प्यात. आनि वहिनी, तुमी दारालाबी हात लावायचा नाय." लोक हसले. गुणवंतीला हसता आलं नाही.

नवा खोका आला त्या सकाळी गंगुबाई तिच्या दारात येऊन बसली. हातात बाटली, सिरिंज, पदर बाजूला सारून दंड उघडा. "मना रेघा दिसत नाय गो. आजपासनं तू टोचायचं."

"मी?" गुणवंती म्हणाली. "माज्या हातनं एवढं झालं, तरी?"

"म्हनून तर. तू आता दहादा बघशील."

गुणवंतीनं बाटली तळहातांत फिरवली. उजेडाकडे धरली. काच स्वच्छ होती. सिरिंज भरली, रेघ बघितली, पुन्हा बघितली, भाविकाला हाक मारून तिच्याकडूनही बघून घेतली. मग म्हातारीच्या सुरकुतलेल्या दंडापाशी सुई नेली, मागे घेतली आणि पुन्हा रेघ बघितली.

"टोच गो," गंगुबाई म्हणाली. "बाजाराला उशीर होतोय तुला."